लिनक्स बेकार म्हणण्याआधी मशीन कोणतं घेतलं ते बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागं विंडोज १० वर बातमी आली होती, तेव्हापासून आमच्या गावात एकच चर्चा चालू आहे की जुने कॉम्प्युटर आता भंगारात घालायचे काय. मी सेलू तालुक्यात शिक्षक आहे, शाळेची लॅब माझ्याकडं आहे आणि गावातली अभ्यासिका आम्ही चार-पाच जण मिळून चालवतो, तिथल्या मशीनी पण मीच बघतो, त्यामुळं दर दोन दिवसाला कुणीतरी विचारायला येतंच, सर आता नवीन घ्यायचं का, कोणत्या कंपनीचं घ्यायचं, त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ती फुकटातली सिस्टीम, चालंल का. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. पत्र लांब झालंय, कापायचं असेल तर कापा, पण मशीन निवडायचा भाग तेवढा राहू द्या ही विनंती.

आधी एक गैरसमज. विंडोज १० बंद पडलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला, मशीन आहे तसं चालतंच, फक्त सिक्युरिटीचे अपडेट पहिल्यासारखे आपोआप मिळत नाहीत. आता त्याच मशीनवर विंडोज ११ टाकायला जावं तर टीपीएम २.० (मशीनमधली सिक्युरिटीची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर बहुतेक करून आठव्या पिढीचा किंवा पुढचाच लागतो. आमच्या शाळेच्या लॅबमधले सगळे सहाव्या पिढीचे. म्हणजे कागदावर बाद. पण आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली आणि लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) चढवलं तर पोरं म्हणायलेत सर हे नवीन आणलं का. तेव्हा जुनं मशीन घरात धड असेल तर कृपा करून विकू नका, आधी त्याच्यावर लिनक्स लावून बघा.

ज्यांना मशीन घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी आता आमची चूक सांगतो, कारण ती लई महागात पडली.

दोन वर्षांमागं अभ्यासिकेसाठी गावानं वर्गणी केली. आमच्याकडं मुलं-मुली एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी सगळ्याची तयारी करतात, टेस्ट सिरीज ऑनलाइन सोडवायला मोबाईलचा स्क्रीन पुरत नाही. चार नवेकोरे लॅपटॉप घेतले. मोठी, नावाजलेली कंपनी. नाव लिहीत नाही कारण स्वस्त घरगुती मॉडेलमधे हा प्रकार एकाच कंपनीत होतो असं नाही. आपल्याकडं ज्याला डॉसवाला लॅपटॉप म्हणतात तसले घेतले, म्हणजे विंडोज नसलेले, कारण लिनक्सच टाकायचं आहे तर लायसनचे पैसे वर्गणीतून कशाला घालवा. हा विचार बरोबरच होता, आजही मी तेच करीन. मशीन चुकलं.

वायफाय दर दहा-पंधरा मिनिटाला तुटायचं. झाकण लावून रात्री ठेवलं की सकाळी बॅटरी शून्य. एकदा तर एक मुलगी तीन तासाची टेस्ट देत होती, शेवटची वीस मिनिटं राहिली होती आणि नेट गेलं, टेस्ट गेली, ती तिथंच रडायला लागली. शेतात मजुरी करून आईबापानं त्या टेस्ट सिरीजचे पैसे भरलेले. त्या दिवशी मुलं मला तोंडावर म्हणाली, सर तुमचं लिनक्स बेकार आहे, विंडोज टाका.

मला ते लई लागलं. आठ दिवस रोज रात्री अभ्यासिका बंद झाली की बसायचो. आणि एक गोष्ट लक्षात आली जी आधीच यायला पाहिजे होती, चारातला एक लॅपटॉप पहिल्यापासून नीट चालत होता, मुलं तोच धरायला सकाळी सहालाच येऊन बसायची. मॉडेल एक, डब्बा एक, बिल एक, मग हा वेगळा कसा. टर्मिनल उघडून एलएसपीसीआय कमांड मारली, आत कोणकोणते पार्ट आहेत त्याची यादी येते, तर त्या एकात वायफायची चिप वेगळ्याच कंपनीची निघाली. बाकीच्या तिघांत दुसरी. घरगुती स्वस्त मॉडेलमधे असं होतं, ज्या महिन्यात जो पार्ट स्वस्त मिळाला तो आत बसवतात, बाहेर स्टिकर तेच राहतं. विंडोजवाल्याला फरक कळत नाही कारण दोन्हीचे ड्रायव्हर, म्हणजे तो पार्ट चालवणारे प्रोग्रॅम, कंपनीच देते. लिनक्सवाल्याला मात्र चांगलाच कळतो.

हे का होतं ते थोडं सांगतो, कारण दुकानात गेल्यावर हेच समजलेलं असलं पाहिजे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या पोरानं १९९१ ला लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लिहायला घेतला तेव्हापासून त्याची पद्धत अशी आहे की ड्रायव्हर वेगळे सीडीवर येत नाहीत, बहुतेक सगळे कर्नलच्या आतच असतात. ज्या चिप कंपन्या स्वतःचे इंजिनियर बसवून ड्रायव्हर लिहून कर्नलमधे देतात, जसं इंटेल वायफायसाठी आणि ग्राफिक्ससाठी देतं, एएमडी ग्राफिक्ससाठी देतं, त्यांचा माल लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला की आपोआप चालतो. ज्या देत नाहीत त्यांच्या चिपचा ड्रायव्हर कुणीतरी बाहेरचा माणूस आपल्या वेळात खटपट करून लिहितो, मग तो कधी चालतो कधी अडतो, आणि कर्नलचा अपडेट आला की परत बसवावा लागतो. म्हणजे लिनक्स चालतं की नाही हे लॅपटॉपच्या पाठीवरच्या नावावर नाही, आत कुणाचा माल भरलाय त्यावर आहे.

मग ब्रँड बघायचाच नाही का? बघायचा, पण नाव सोडून सिरीज बघायची. लेनोव्हो, डेल, एचपी तिघांचेही दोन बाजार आहेत. एक घरच्या गिऱ्हाइकाचा, जो आपल्याला टीव्हीच्या जाहिरातीत आणि मॉलच्या काउंटरवर दिसतो. दुसरा ऑफिसचा, जो बँका, आयटी कंपन्या हजार-हजाराच्या ऑर्डरनं घेतात. लेनोव्होचे थिंकपॅड आणि थिंकसेंटर, डेलचे लॅटिट्यूड आणि ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटबुक, प्रोबुक, एलिटडेस्क, ही त्या दुसऱ्या बाजाराची नावं. हजार मशीनी एकदम घेणारा माणूस मधेच चिप बदललेली खपवून घेत नाही, म्हणून यात पार्ट बरेचसे ठरलेले असतात, आणि इंटेलच्या प्रोसेसरचं मशीन असेल तर वायफाय पण बहुतेक वेळा इंटेलचंच निघतं. एक ध्यानात ठेवा, डेलनं २०२५ च्या सुरुवातीला नावं बदलली, आता नव्या मशीनवर लॅटिट्यूड-ऑप्टिप्लेक्स लिहिलेलं नसतं, डेल प्रो लिहिलेलं असतं.

आणि या कंपन्यांनी लिनक्सची दखल स्वतःहून घेतलेली आहे, हे दुकानदाराला माहीत नसतं. डेलनं २०१२ ला एक्सपीएस १३ हा लॅपटॉप उबुंटू (हा पण लिनक्सचाच प्रकार) टाकूनच विकायला काढला होता. थिंकपॅड हे मूळ आयबीएमचं, १९९२ पासूनचं, २००५ ला लेनोव्होकडं आलं आणि २०२० ला लेनोव्होनं थिंकपॅड आणि थिंकस्टेशन लिनक्ससाठी तपासून प्रमाणित करणार असं जाहीर केलं. उबुंटूवाली कॅनॉनिकल कंपनी तर कोणतं मॉडेल उबुंटूच्या कोणत्या आवृत्तीवर तपासलंय याची यादीच नेटवर ठेवते. मॉडेलचं नाव टाकलं की दोन मिनिटात कळतं, बँकेचं कर्ज काढून लॅपटॉप घेणाऱ्या माणसानं एवढी दोन मिनिटं द्यावीत. बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा आतला प्रोग्रॅम, त्याचे अपडेट पण आता लिनक्सवरूनच येतात, एफडब्ल्यूयूपीडी म्हणून सोय आहे, तिन्ही कंपन्या त्यात आपल्या ऑफिसवाल्या मॉडेलचे अपडेट टाकतात, त्यासाठी विंडोज परत टाकायची गरज नाही.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. सर्व्हिस सेंटर. पुण्या-मुंबईच्या माणसाला भरवसा म्हणजे मशीन बिघडलं की दोन किलोमीटरवर नेऊन टाकायचं. आपल्याला तसं नाही. आमच्याकडून निघायचं म्हटलं की नांदेड नाहीतर संभाजीनगर, एक दिवस जायचा, पार्ट नाही म्हणाले की आठ दिवसानं परत एक दिवस. म्हणून मराठवाड्यात भरवशाचं मशीन म्हणजे जे तालुक्याच्या गावात साध्या स्क्रूड्रायव्हरनं उघडतं, रॅम, एसएसडी, बॅटरी, कीबोर्ड सुटे निघतात आणि बाजारात मिळतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुकची दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच फुकट नेटवर ठेवते, कोणता स्क्रू आधी, कोणती पट्टी नंतर, चित्रासकट. ती मोबाईलवर उघडून आमच्या गावातल्या मोबाईल रिपेअरवाल्या पोरानं लॅपटॉपचा कीबोर्ड अर्ध्या तासात बदलला, आधी त्यानं कधी लॅपटॉप उघडलेला नव्हता. याउलट ते एकदम पातळ लॅपटॉप दिसायला देखणे, पण रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे गेली तर बोर्ड गेला.

आता पैशाचं. नवा थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड आपल्या आवाक्यातला नाही हे मला माहीत आहे. म्हणून आम्ही दुसऱ्या खेपेला रीफर्बिश्ड घेतले, म्हणजे आयटी कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले. वर्गणी परत मागायला तोंड नव्हतं, सप्त्याच्या शिलकीतून आणि दोन निवृत्त गुरुजींच्या मदतीतून झालं. सकाळी सेलूला मराठवाडा एक्सप्रेस धरली आणि संभाजीनगर गाठलं, खिशात एक पेनड्राइव्ह. त्यात व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टीम चालू करायचा प्रोग्रॅम) टाकून मिंट, उबुंटू आणि डेबियन हे लिनक्सचे तिन्ही प्रकार ठेवलेले, लिनक्स इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, मशीनमधल्या डाटाला धक्का लागत नाही. पहिल्या दुकानात म्हणाले पेनड्राइव्ह लावू देणार नाही, व्हायरस येतो. दुसऱ्यात म्हणाले आधी घ्या मग लावा. तिसऱ्या दुकानातल्या पोरानं खुर्ची दिली, म्हणाला बघा सर निवांत, आणि आम्ही पाचही मशीन त्याच्याकडूनच घेतली. दुकानदार मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे की पेनड्राइव्ह लावू दिला तर गिऱ्हाईक पळत नाही, उलट परत येतं.

तिथं बसून मी काय काय बघितलं ते सांगतो, कुणाला उपयोग होईल. आधी मशीन चालू करताना बायोसमधे शिरलो, पासवर्ड मागितला की ते मशीन बाजूला, कारण कंपनीतून काढलेल्या मशीनवर जुना पासवर्ड राहिलेला असतो आणि थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड तर साध्या रीतीनं निघतच नाही, बोर्डाशीच खेळावं लागतं, दुकानदार म्हणंल नंतर काढून देतो, ऐकायचं नाही. मग पेनड्राइव्हवरून मिंट चालू केलं, मोबाईलच्या हॉटस्पॉटला वायफाय जोडून यूट्यूब लावून ठेवलं आणि पंधरा मिनिटं हातच लावला नाही, तुटतंय का तेवढं बघितलं. तेवढ्यात आवाज, हेडफोनची पिन, कॅमेरा, माईक, उजेड कमी-जास्त करायची बटणं. मग झाकण लावलं, चहा पिऊन आलो, उघडलं, आहे तिथूनच चालू झालं पाहिजे आणि वायफाय आपोआप जोडलं गेलं पाहिजे. या झाकणाच्या परीक्षेत लई मशीनी नापास होतात. याचं कारण असं की नव्या मशीनमधे जुन्या पद्धतीची गाढ झोप काढून टाकलीय, मोबाईलसारखी अर्धवट जागी झोप दिलीय, ती लिनक्सवर नीट जमली नाही की बॅटरी बसल्याजागी संपते, आमच्या पहिल्या लॅपटॉपचं तेच झालं होतं. काही थिंकपॅडच्या बायोसमधे तर झोपेच्या सेटिंगला विंडोज आणि लिनक्स असे दोन पर्यायच दिलेले आहेत. शेवटी एचडीएमआयची वायर लावून दुकानातल्या टीव्हीवर चित्र येतंय का बघितलं, शाळेत प्रोजेक्टर लावावा लागतो म्हणून.

बॅटरीचं तोंडी ऐकू नका. मिंटमधे पॉवर स्टॅटिस्टिक्स म्हणून प्रोग्रॅम आहे, त्यात बॅटरी नवी असताना किती वॅट-अवरची होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती भरते ते दोन्ही आकडे येतात. निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्यायचे, आम्ही घेतले.

तीन लॅपटॉप घेतले ते थिंकपॅड टी ४८०, २०१८ चं मॉडेल, आठव्या पिढीचा प्रोसेसर, वायफाय इंटेलचं, रॅमच्या दोन जागा, आणि बॅटरी दोन आहेत, एक आत एक बाहेर, बाहेरची चालू मशीनमधे काढून बदलता येते. लाइट जाते तिथं ही सोय किती कामाची आहे ते सांगायला नको. एकोणीस-एकोणीस हजाराला पडले. त्याच वर्षाचे लॅटिट्यूड ७४९० आणि एलिटबुक ८४० जी५ पण त्याच तोडीचे, कुठलाही धड अवस्थेत मिळाला तर घ्या, माझा हट्ट एकाच नावाचा नाही. फक्त टी ४८० घेणाऱ्यानं एक करा, चार्जर यूएसबी-सी चा आहे, तो दोन्ही सी पोर्टला लावून चार्ज होतोय का बघा आणि घरी आल्यावर थंडरबोल्टचं (त्यातल्या एका सी पोर्टचं) फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, अपडेट करा, त्या काळातल्या थिंकपॅडमधे ते जुनं राहिलं तर पोर्ट काम करेनासा होतो आणि ते लेनोव्होनंच जाहीर केलेलं आहे. चोवीस तास वायर लावलेले लॅपटॉप आम्ही टीएलपी नावाचा बॅटरी सांभाळणारा प्रोग्रॅम टाकून ऐंशी टक्क्यावर चार्ज थांबवून ठेवलेत, थिंकपॅडमधे ती सोय चांगली चालते, उन्हाळ्यात परभणीकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा शंभर टक्के भरलेली बॅटरी लवकर फुगते.

बाकीचे दोन मात्र डेस्कटॉप, आणि शाळा-अभ्यासिकांना मी डेस्कटॉपच सांगीन. पण मोठा डब्बा नाही, ते वहीएवढे छोटे येतात, थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एलिटडेस्क मिनी. नुसतं चालू असताना दहा-पंधरा वॅट खातात, लॅपटॉपच्याच अडॅप्टरवर चालतात. आमच्या इन्व्हर्टरवर जुना डब्बा आणि मॉनिटर असे दोन सेट लावले की तासाभरात शिट्टी वाजायची. अडॅप्टर जळाला तर दुसरा गावात मिळतो. मोठ्या ऑप्टिप्लेक्सचं तसं नाही, त्याचा पॉवर सप्लाय त्याच्याच मापाचा आणि त्याच्याच पिनचा असतो, व्होल्टेज खालीवर होऊन तो गेला की बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. मशीन कितीही चांगलं असलं तरी आपल्याकडं हा विचार आधी करावा लागतो.

आणि मुख्य म्हणजे ज्यांना लिनक्सच वापरायचंय त्यांनी सातव्या, सहाव्या पिढीच्या ऑफिस मशीनी अजिबात सोडू नयेत. विंडोज ११ ला चालत नाहीत म्हणून त्या स्वस्त झाल्यात, आत खराबी काहीच नाही. शाळांसाठी तर एकाच मॉडेलच्या दहा घ्या, एक नीट बसवायची आणि क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमनं तीच बाकीच्या नऊवर उतरवायची, एका दुपारचं काम आहे.

एकदम नवीन मॉडेल घेणाऱ्यांना उलटा धोका. काल आलेल्या चिपचा ड्रायव्हर आजच्या कर्नलमधे नसतो. बाराव्या पिढीपासून पुढच्या काही महागड्या लॅपटॉपमधे इंटेलनं कॅमेऱ्याची पद्धतच बदलली, त्यावर लिनक्सला बराच काळ कॅमेरा धड चालत नव्हता, सत्तर-ऐंशी हजार मोजून ऑनलाइन मुलाखतीला कॅमेरा नाही. वर्ष-दीड वर्ष जुनं मॉडेल घ्यावं. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक कार्ड लागतंच असेल, इंजिनियरिंगच्या पोरांना लागतं, तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो एवढं माहीत असू द्या, २०२२ पासून कंपनीनं त्यातला कर्नलचा भाग खुला करायला सुरुवात केली आणि आता पहिल्यासारखा ताप नाही, पण ज्याला टाइप, ब्राउझर आणि हिशोब एवढंच काम आहे त्यानं ते कार्ड घेऊच नये. आणि इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही म्हणून घाबरून परत विंडोजकडं गेलेले माझ्या ओळखीचे तिघं आहेत, बायोसमधे स्टोरेजचं सेटिंग आरएसटी नाहीतर व्हीएमडीवर असतं, ते एएचसीआय केलं की दिसते. मशीनवर विंडोज पण ठेवायचं असेल तर मात्र ते सेटिंग जाणकाराला विचारूनच बदला, नाहीतर विंडोज चालू होत नाही.

जे होत नाही ते पण सांगितलं पाहिजे. टॅली विंडोजचंच आहे. पत्रिका, पोस्टर करणाऱ्या डीटीपीवाल्यांच्या श्रीलिपीच्या जुन्या फाइली लिनक्सवर जशाच्या तशा उघडत नाहीत. सेवा केंद्राच्या थंब मशीनचं आम्ही करून बघितलं, जमलं नाही. प्रिंटरचं पण बघून घ्या, झेरॉक्सच्या प्रत्येक दुकानात जो छोटा लेझर प्रिंटर असतो त्याला लिनक्सवर चालवायला माझे दोन रविवार गेले, एचपीच्या बऱ्याच प्रिंटरला मात्र एचपीएलआयपी नावाचा ड्रायव्हर कंपनीच देते. ज्याचं पोट या कामांवर आहे त्यानं एक विंडोजचं मशीन ठेवावं. पण शाळेतल्या पोरांना यातलं काहीच लागत नाही. मराठी युनिकोड, इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समधे आधीपासूनच आहे, लिब्रेऑफिस आहे, जिओजेब्रा आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवतात, आणि आपल्या देशातल्या सीडॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्रानं तर २००७ ला बॉस लिनक्स काढलं होतं, भारतीय भाषांसकट.

म्हणून संपादक साहेब, तुमच्या पेपरामार्फत जिल्हा परिषदेला, ग्रामपंचायतींना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे. शाळेसाठी, वाचनालयासाठी कॉम्प्युटर घेताना कोटेशनमधे नुसतं "नामांकित कंपनीचा, आय-थ्री, आठ जीबी" असं लिहू नका. तेवढंच लिहिलं की आम्ही घेतला तसला माल येतो. ऑफिस सिरीजचं मॉडेल, रॅम आणि एसएसडी बदलता येणारी, वायफाय कर्नलमधला ड्रायव्हर असलेलं, आणि माल ताब्यात घेण्याआधी प्रत्येक मशीनवर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवायचं, या चार गोष्टी लिहा. किंमत फार वाढत नाही, रीफर्बिश्ड चालत असेल तर उलट कमी होते. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या ज्या दुकानांत पेनड्राइव्ह लावून बघू देतात त्यांची माहिती वाचकांनी तुमच्याकडं कळवली आणि तुम्ही छापली तर खेड्यातल्या माणसाचा गाडीभाड्याचा एक फेरा वाचेल.

ती मुलगी आता टी ४८० वर टेस्ट देते. मागच्या महिन्यात दोन वेळा लाइट गेली, टेस्ट चालू राहिली.

आपला नम्र,
एक शिक्षक, ता. सेलू, जि. परभणी

ता. क. – पहिल्या त्या तीन लॅपटॉपचं काय केलं असं कुणी विचारंल म्हणून. फेकले नाहीत, आतलं वायफाय कार्ड काढून इंटेलचं एएक्स २१० टाकलं, कर्नल ५.१० किंवा त्याच्या पुढचा असला की चालतं, आता नेट तुटत नाही, बॅटरीचं दुखणं मात्र आहे म्हणून रात्री पूर्ण बंद करून ठेवतो. कार्ड मागवताना २१० च मागवा. २०१ आणि २११ दिसायला तशीच असतात आणि थोडी स्वस्त पण मिळतात, पण ती ठराविक इंटेल प्रोसेसरच्या मशीनलाच चालतात. मी आधी २११ मागवून बसलो होतो.